आमलाखेडीची सर्वसाधारण सभा

"घरात एकमत नसेल तर निदान कोरम तरी असावा," असं विश्वास पांढरीपांडे एकदा म्हणाले होते, आणि तेही स्वतःच्या मुलीच्या बारशाला. पाळण्याभोवती बायका ताटकळल्या होत्या, आत्या कुंची हातात धरून उभी होती, आणि नाव काय ठेवायचं यावर दोन आज्यांचं जमत नव्हतं. विश्वासरावांनी हात वर करायला लावून मोजणी घेतली. 'मधुरा' हे नाव बहुमताने मंजूर झालं. शालिनीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते नाव फारसं आवडलेलं नव्हतं. पण बाळंतिणीला मत असतं की नाही हा मुद्दा उशिरा निघाला, आणि तोवर पेढे वाटून झाले होते.

भोपाळमध्ये त्यांना सगळे पांडेजी म्हणतात. 'पांढरीपांडे' हे आडनाव नर्मदा ओलांडली की कुणाच्या जिभेला पेलत नाही. शाळेच्या हजेरीपासून सिंचाई खात्यातल्या दारावरच्या पाटीपर्यंत त्याची काटछाट होत गेली आणि शेवटी पांडेजी तेवढं उरलं. परके लोक त्यांना बनारसकडचे समजून छठच्या शुभेच्छा देतात. ते त्या हसून घेतात, आणि घरी आल्यावर शालिनीला विचारतात, "घ्यायला नको होत्या का गं?"

वडील सदाशिवराव नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. छप्पन साली नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली, आणि फायली, टाइपरायटर, कारकून आणि कारकुनांचे संसार असं सगळं आगगाडीत भरून इकडे आलं. शकुंतला आणि यशवंत ही थोरली दोघं त्या गाडीतून आली. विश्वास त्यानंतर वर्षभराने टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मला. त्यामुळे भावंडांना आठवायला नागपूर होतं, महालातली गल्ली होती, आजोबांच्या दारातलं बुचाचं झाड होतं. याच्याकडे क्वार्टर नंबर होता. "तुमचं गाव कोणतं?" असं कुणी मराठी माणसाने विचारलं की तो "नागपूर" म्हणे आणि घाईने विषय बदले, कारण पुढचा प्रश्न "नागपुरात कुठं?" हा असे.

ज्याला गाव नसतं तो मंडळ काढतो. नेहरू नगरात घर बांधल्यावर विश्वासरावांनी तिथलं मराठी मंडळ हाती घेतलं ते निवृत्तीपर्यंत सोडलं नाही. सूचक, अनुमोदक, उपसूचना, दुरुस्ती, आभार. बाहेर सगळी दुनिया "अरे यार, कर लेंगे" या एका वाक्यावर चालत असताना मंडळाच्या खोलीत मात्र चहात साखर किती यावरसुद्धा ठराव होई. सवय घरी आली. संध्याकाळी भाजी कोणती करू विचारलं तर ते म्हणत, "सभागृहाचं काय म्हणणं आहे?" सभागृह म्हणजे शालिनी आणि ओट्याखालची मांजर. मांजर बहुधा तटस्थ राही.

निवृत्त झाल्यावर मधुराने दोघांना पुण्याला नेलं. नेहरू नगरचं घर भाड्याने दिलं. पुण्यात मुलगी-जावई स्वतःच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते, आणि भाडेकरूच्या बापाला सोसायटीच्या सभेत बोलता येत नाही. विश्वासराव पहिल्या सभेला इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि पाच मिनिटांत परत आले. त्यानंतरची वर्षं ते बाल्कनीत बसून समोरच्या टेकडीवर इमारती चढताना पाहत राहिले. काही मागत नसत, कशाला नाही म्हणत नसत. शालिनीला हे आधी सोयीचं वाटलं, आणि मग भीती वाटायला लागली. एवढा मुकाट नवरा तिने केला नव्हता.

अशात यंदा फाल्गुनात इंदूरहून यशवंतचा फोन आला. कोठी विकून टाकू या, असं त्याचं म्हणणं होतं.

कोठी हे नाव मोठं आहे. रातीबडच्या पुढे, डांबर संपून मुरूम लागतो तिथून आत, आमलाखेडी नावाचं गाव आहे. नवाबी काळात कुणा जागीरदाराने शिकारीला आल्यावर उतरायला तिथे दोन खोल्या, एक खोल व्हरांडा आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघर एवढं बांधलं होतं. वाघ संपले, जागीरदाराचे वारस कराचीला की कुठे गेले, आणि जमिनीसकट ती वास्तू सदाशिवरावांनी घेतली. होळीच्या सुट्टीत ते मुलांना बसने तिथे नेत. मोहाची फुलं वेचायची, विहिरीवर अंघोळ करायची आणि रंग सुटला नाही तरी शाळेत जायचं. टी. टी. नगरचे ते क्वार्टर पुढे पाडले गेले. विश्वासरावांच्या लहानपणातली एवढीच एक वस्तू जमिनीवर उभी राहिली होती, आणि तिचे मालक तीन होते.

"येतो," ते फोनवर म्हणाले. "समोरासमोर बसून ठरवू." आणि शालिनीला काही न सांगता त्यांनी बॅगा भरायला घेतल्या. तिने पाहिलं, त्यात प्रेशर कुकर होता.

भोपाळ स्टेशनवरून त्यांनी टॅक्सी केली. भदभद्याचा पूल ओलांडला तेव्हा आभाळ काळवंडलं होतं, नीलबडला थेंब सुरू झाले, आणि रातीबडच्या पुढे पाऊस असा आला की ड्रायव्हरने गाडीचे दिवे लावले. दोन्ही बाजूंना गहू कापणीला उभा, बांधावर पळस पेटलेला, आणि वरून हे पाणी. दोन ऋतूंनी एकाच तारखेला सभागृह घेतलं होतं आणि आता कुणी माघार घ्यायला तयार नव्हता.

"गाँव है क्या आपका, अंकल?" ड्रायव्हरने विचारलं.

"जी हाँ," विश्वासराव म्हणाले. "अपना गाँव है."

शालिनी खिडकीबाहेर बघत होती, ती तशीच बघत राहिली. पण तिच्या कानांनी ते वाक्य उचललं आणि आत ठेवलं. उभ्या जन्मात या माणसाने ते पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि तेही कुणाचं अनुमोदन नसताना.

कोठीची किल्ली मेहरबानसिंगकडे होती. अर्ध्या वाट्याने जमीन तोच करायचा. डोक्यावर खताचं पोतं घेऊन तो पावसातून धावत आला, कुलपाशी झटापट करत म्हणाला, "पांडेजी, इस बार तो मौसम भी आपके साथ आ गया." दार उघडलं. आतून वटवाघळांचा, ओल्या चुन्याचा आणि कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा वास आला.

विश्वासराव मधोमध उभे राहून छताकडे पाहत होते. छत त्यांच्या चष्म्यावर ठिबकत होतं.

"अगं, राहता येईल इथं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"म्हणजे, एकूणच."

"एकूणच म्हणजे वटवाघळं राहतातच आहेत की."

"कौलं फिरवून घेतली की गळणार नाही."

"आणि न्हाणीघर अंगणापलीकडे आहे, ते कोण फिरवून घेणार?"

हा वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. नवी नवरी म्हणून शालिनीला इथे आणलं तेव्हा विहिरीवर धामण निघाली होती. तेव्हापासून तिने कोठीला नाही म्हटलं होतं, आणि विश्वासरावांनी तो नकार नोंदवून घेतला होता. पुन्हा कधी विषयच काढला नाही. मत झालं की झालं.

रविवारी भावंडं येणार होती. मधले दिवस दोघं तिथेच राहिली. पाऊस थांबे आणि पुन्हा येई. सकाळी मोहाखाली जमीन फिकट पिवळ्या फुलांनी भरलेली असे, आणि ती भिजून आंबल्यामुळे सगळ्या अंगणाला दारूच्या दुकानाजवळून जाताना येतो तसा वास येई. मेहरबानसिंगची बायको फुलं गोळा करताना पावसाला शिव्या देई. शालिनीला त्या शिव्या आवडायला लागल्या. पुण्यात कुणी आभाळाला इतकं आपलं समजून बोलत नव्हतं.

आणि एके दुपारी तिने ठोकण्याचा आवाज ऐकला. जाऊन बघते तर विश्वासराव स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकत होते.

"हे काय?"

"शर्ट अडकवायला."

"बरोबर जागी आहे का, विचारलं नाहीत मला?"

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "राहिलंच की," ते म्हणाले, आणि शर्ट अडकवला.

शालिनी स्वयंपाकघरात परतली. चुलीशी बसून ती बराच वेळ हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. धुराने, असं तिने स्वतःला सांगितलं. या माणसाने कुणाचंही मत न घेता भिंतीत खिळा ठोकला होता.

रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, तुम्हाला इथंच राहायचंय ना? मग भाऊजींना सरळ सांगा. विकायची नाही, मी राहणार आहे, म्हणावं. ते काय खातायत का?"

"असं सरळ कसं सांगणार? तिघांची आहे. मी माझी बाजू सभेत मांडीन."

"सभा कसली? तीन भावंडं."

"म्हणूनच तर रीतसर व्हायला हवी."

दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होते. "सन्माननीय भगिनी आणि ज्येष्ठ बंधू," असं सुरू होई. मग जागीरदार, मग वडील, मग मोहाची झाडं, आणि शेवटी, हळू आवाजात, "मला कुठंतरी राहायचं आहे" असं एक वाक्य येई. तिथे ते दर वेळी अडखळत. मागे जाऊन पुन्हा जागीरदारापासून सुरुवात करत. शालिनी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. तिला वाटलं, एवढं एकच वाक्य म्हटलं तरी पुरे आहे, बाकी सगळा जागीरदार वगळा. पण भाषणाच्या तयारीत दुरुस्ती सुचवली की ते पहिल्या परिच्छेदापासून ढासळत, म्हणून ती तांदूळच निवडत राहिली.

रविवारी यशवंतची गाडी चिखलात माखून आली. यशवंत निवृत्त बँक मॅनेजर, पोट पुढे, हातात इंदुरी शेवेचं पाकीट. शकुताईला त्याने वाट वाकडी करून उज्जैनहून उचललं होतं. ती पंचाहत्तरीला टेकलेली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तरी आवाजाने झाली नव्हती.

"विशू, अरे हे काय नेसलायस?" गाडीतूनच ती ओरडली.

"लुंगी. मेहरबानसिंगची. पँट्स सगळ्या ओल्या आहेत."

"बाबा बघत असतील वरून. सचिवालयाचं नाक कापलंस."

यशवंत व्हरांड्यात चढला, छताकडे पाहिलं, आणि समाधानाने मान हलवली. छत त्याच्याच बाजूने बोलत होतं. त्याने गाठलेला माणूस कॉलोनायझर होता. भोपाळभोवती शेतांचे तुकडे करून त्यांना इंग्रजी नावं देणारे हे लोक. आमलाखेडीचं तो 'महुआ मेडोज' करणार होता.

"मोह ठेवणार का?" विश्वासरावांनी विचारलं.

"पाटीवर ठेवील," यशवंत म्हणाला. "बरं, बसायचं का? मला अंधाराच्या आत हायवेला लागायचंय. शालिनी, तूही ये ग."

"मी आहे इथंच, भाऊजी. आंबेडाळ करतेय." ती व्हरांड्याच्या टोकाला विळीवर कैरी किसत बसली होती. "मला काय, मत नाही. मी आपली निमंत्रित."

एकच वेताची खुर्ची होती. शकुताई आणि यशवंत बाजेवर बसले. विश्वासराव खिशातला भाषणाचा कागद चाचपत उभे होते. तेवढ्यात यशवंत म्हणाला, "चल, रीतसरच करू, नाहीतर विशूला अन्न पचायचं नाही. अध्यक्षस्थानासाठी मी विश्वासचं नाव सुचवतो."

"अनुमोदन," शकुताई म्हणाली. "उरका आता."

विश्वासरावांचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कुणीतरी खुर्ची पुढे केली होती. "आभारी आहे," असं म्हणत ते बसलेसुद्धा.

शालिनीचा हात विळीवर थांबला. "अहो, तुम्ही कशाला? भाऊजी मोठे आहेत, त्यांना बसू द्या ना."

"अगं, सर्वानुमते आहे."

"पण अध्यक्षाला एका बाजूने बोलता येत नाही ना?"

"अर्थातच नाही. अध्यक्ष तटस्थ अस..." आणि तिथे ते थांबले. तोंड थोडं उघडंच राहिलं. हात अजून खिशावर होता, कागदावर. मग तो हळूहळू खाली आला.

यशवंतने हे जाणूनबुजून केलं की नाही, कोण सांगणार. आयुष्यभर बँकेत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तो शेवेचं पाकीट दातांनी फोडत होता.

"उठा की मग," शालिनी म्हणाली.

"एकदा स्वीकारलेलं अध्यक्षपद असं सोडता येत नाही," विश्वासराव हळू आवाजात म्हणाले. "चला. विषय मांडा, दादा."

यशवंतने ठराव मांडला. कोठी आणि भोवतालची जमीन विकून टाकावी. मग तो बोलला, आणि चांगलं बोलला, हीच पंचाईत होती. "आपण तिघंही म्हातारे झालो. आज आपल्यात बोलणं आहे, उद्या पोरांमध्ये असेल का? डॉक्टर रातीबडला, तोही दुपारी झोपतो. छप्पर पाहिलंत. आणि विशू, राग मानू नकोस, तू आजपर्यंत इथं सलग महिनाभर तरी राहिलायस का? आपण या जागेवर प्रेम केलं ते बसच्या परतीच्या तिकिटासकट."

विश्वासरावांनी उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि आठवण होऊन सोडून दिला. "दुसरं कुणी बोलणार?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा झाला होता. छतातून एक धार थेट त्यांच्या खांद्यावर सुरू झाली. त्यांनी खुर्ची सरकवली. धारेने जागा बदलली. पुन्हा सरकवली. सभा अशी सरकत सरकत शालिनीच्या विळीपर्यंत आली.

मेहरबानसिंग केटली घेऊन अंगणातून ओरडला, "पांडेजी, चाय लाऊँ, कि अभी भाषण बाकी है?"

"भाषण होणारच नाहीये," शालिनी म्हणाली. "ले आओ."

"निमंत्रितांनी मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

"बेचना हो तो पहले बता देना," चहा ओतता ओतता मेहरबानसिंग म्हणाला, "गेहूँ तो काट लूँ." तो कप देऊन निघून गेला. त्याला यांच्या सभेत काही रस नव्हता. त्याचा गहू भिजत होता.

शकुताईने बशीत चहा ओतला. "माझं म्हणणं असं," ती म्हणाली, "की मी येतानाच विकायला हो म्हणून आले होते. मला काय करायचीय ही जागा? गुडघे चढू देत नाहीत, उतरू देत नाहीत. पण शालिनी, तू एक सांग. हा कुकर कशाला आणलाय?"

कोपऱ्यात, खिळ्याला अडकवलेल्या शर्टाखाली, पुण्याचा कुकर ठेवलेला होता.

"वन्सं, मला बोलायची परवानगी नाही."

"मी विचारतेय ना."

"ताई, विषयाला धरून..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"तू गप रे विशू. बोल गं."

शालिनीने कैरीची कोय बाजूला ठेवली, हात पदराला पुसले. काय बोलायचं ते तिलाही बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "हे राहायला आलेत," ती म्हणाली. "कायमचे. भाषण पाठ केलंय चार दिवस. खिशात आहे. तुम्ही यांना खुर्चीत बसवलंत, आता ते बोलणार नाहीत. मान कापलीत तरी नाही."

"शालिनी!"

"आणि तू?" शकुताईने विचारलं. "तू राहशील इथं? तुझं तर लग्नापासून नाही होतं."

पावसाचा आवाज थोडा कमी झाला, किंवा सगळे ऐकत होते म्हणून तसं वाटलं. विश्वासराव खुर्चीच्या हाताकडे बघत होते. वेताचा एक धागा निघाला होता, तो ते बोटाने पुन्हा आत खोचत होते.

"न्हाणीघर आत घ्यायचं," शालिनी म्हणाली. "धामण निघाली तर मेहरबानसिंगला नाही, यांना जायला लावायचं. आणि सकाळचा चहा यांनी करायचा, सभागृहाला न विचारता. मग राहीन."

शकुताई हसली नाही. बशी खाली ठेवून तिने भावाकडे, धाकट्या, लुंगीतल्या भावाकडे पाहिलं. "यशवंता," ती म्हणाली, "आपल्याला नागपूर होतं रे. आजोबांचं दार होतं. तू अजून इंदुरात बसून महालातल्या गप्पा मारतोस. याला काय होतं? क्वार्टर. तेही पाडलं."

"मी कुठं नाही म्हणतोय?" यशवंत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा जरा घसरला. "पण ताई, इथं याला काही झालं तर धावत मीच येणार आहे ना? इंदूरहून. या गुडघ्यांनी. मला याचा फोन घ्यायची भीती वाटते, एवढंच आहे. मला काय ते मेडोज हवेत?"

असलं खरं कारण सभेत सहसा कुणी आणत नाही.

"मतदान घेऊ या," अध्यक्ष म्हणाले. "ठरावाच्या बाजूने?"

यशवंतने हात वर केला. शेव धरलेली होती, तीसकट.

"विरुद्ध?"

"उजवा खांदा दुखतोय, डावा चालेल ना?" शकुताईने डावा हात वर केला.

"समसमान," विश्वासराव म्हणाले. समसमान झालं की काय होतं हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. अध्यक्षांचं निर्णायक मत.

शालिनीने विळी आडवी केली. दुसरी कुणी बायको असती तर एव्हाना निर्धास्त होऊन कैऱ्या पुन्हा किसायला लागली असती. पण हिने या माणसाचं निर्णायक मत एकदा पाहिलेलं होतं. नेहरू नगरच्या गणपतीत तिने बायकांचं नाटक बसवलं होतं, उन्हाळाभर तालमी घेऊन. पोरांना ऑर्केस्ट्रा हवा होता. मतं समसमान पडली. आणि विश्वासरावांनी, नाटकातले सगळे संवाद ज्यांना तालमी ऐकून पाठ झाले होते त्या विश्वासरावांनी, ऑर्केस्ट्राला मत दिलं. अध्यक्षाच्या बायकोचं नाटक अध्यक्षाच्या मताने झालं, असं कुणी म्हणायला नको म्हणून. ती त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे रोज बोलत होती, पण विषय सोडून. आपल्या फायद्याचं मत दिलं तर ते मत कसलं, असं त्यांचं होतं. प्रामाणिकपणाची त्यांना एक वाईट खोड होती. ती कुठे थांबवायची हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

आणि आता ते तसेच बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, चेहरा मंडळातल्या फोटोंत असतो तसा. त्यांनी घसा खाकरला. तो खाकरा ओळखीचा होता. त्याच्यामागून "व्यक्तिशः माझं मत काहीही असलं तरी" हे शब्द येत असत, आणि ते आले की सगळं संपत असे. ते स्वतःच्या विरुद्ध हात वर करतील, आभार मानतील, आणि पुण्याच्या बाल्कनीत जाऊन बसतील.

यशवंत तो खाकरा ऐकून वैतागला. "विशू, तुझे हात जोडतो, भाषण नको. हो म्हण नाहीतर नाही म्हण. काहीच म्हणाला नाहीस तर ठराव बारगळला आणि कोठी आहे तशी राहिली, हे तुला काय मी सांगू? तेव्हा बोल काय ते."

शालिनीला बोलता आलं असतं. जिभेवर होतंही. तिने कैरीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिली.

विश्वासरावांनी तोंड उघडलं. यशवंतकडे पाहिलं, शकुताईकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्त वेळ. तोंड पुन्हा मिटलं. गळ्याचा मणी एकदा वर जाऊन खाली आला, जसं काही त्यांनी सबंध आभारप्रदर्शन गिळलं.

ते उठले. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून खोचली. पायऱ्यांशी चपला होत्या, त्यात पाय घातले, मग चिखल बघून त्या तिथेच काढल्या.

"अरे, मत?" यशवंत म्हणाला. "विशू! सभेचं काय?"

शकुताईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

सभा संपली की तहकूब झाली हेही न सांगता विश्वासराव पायऱ्या उतरले, आणि अनवाणी, पावसातून, मोहाच्या झाडांकडे चालत गेले.